सहावीला मुलाला कुठल्या शाळेत घालायचं? सोलापूरच्या गावांमधली तुलना आणि तिची किंमत

मे महिना सरत आला की सोलापूर जिल्ह्यातल्या गावांमध्ये दोन प्रकारची माणसं दारोदार फिरताना दिसतात. एक म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी आणि बाई, पटनोंदणीची वही घेऊन. दुसरी म्हणजे तालुक्याच्या ठिकाणच्या खाजगी शाळेची माणसं, रंगीत पत्रकं आणि पिवळ्या बसची वेळ सांगत. दोघांनाही तेच मूल हवं असतं.

मग गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चर्चा सुरू होते. आपल्या शाळेपेक्षा शेजारच्या गावची शाळा बरी. तिथे डिजिटल वर्ग आहे. इथे सेमी इंग्रजी नाही. त्या शाळेची चार पोरं शिष्यवृत्तीत आली. बघता बघता निकाल लागतो आणि जूनमध्ये पाच-सहा मुलं गाव सोडून दुसऱ्या शाळेत जातात.

पालकांनी शाळांची तुलना करण्यात गैर काहीच नाही. पण सरकारी शाळांच्या बाबतीत या तुलनेचा परिणाम फक्त एका मुलापुरता राहत नाही. पाच-सहा मुलं गेली की मागे राहिलेल्या मुलांचा शिक्षकच जाऊ शकतो. ते कसं, आणि मग तुलना करायची तरी कशावर, हे समजून घ्यायचं तर सुरुवात सहावी ते आठवी या तीन वर्गांपासून करावी लागते.

सहावी ते आठवी हाच टप्पा अडचणीचा का?

महाराष्ट्रात शाळांची जुनी रचना होती ती पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी अशी. त्यामुळे वाडीवस्तीवर चौथीपर्यंतची शाळा, मोठ्या गावात सातवीपर्यंतची जिल्हा परिषद शाळा आणि त्यापुढे एखाद्या संस्थेचं अनुदानित हायस्कूल, असं चित्र तयार झालं.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याने रचना बदलली. पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक. कागदावर हे सोपं होतं. पण इमारती, शिक्षक आणि संस्था जुन्याच रचनेतल्या होत्या. चौथीच्या शाळेला पाचवी आणि सातवीच्या शाळेला आठवी जोडायचं धोरण आलं, पण ते सगळीकडे सारखं उतरलं नाही.

म्हणून आजही एकाच परिसरात सहावीच्या मुलासमोर तीन प्रकारच्या शाळा असतात. सातवीला संपणारी जिल्हा परिषदेची शाळा, आठवीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा आणि पाचवी ते दहावीचं अनुदानित हायस्कूल. अनुदानित हायस्कूल संस्थेचं असलं तरी शिक्षकांचा पगार सरकारी तिजोरीतून होतो. म्हणजे पैसा तिन्हीकडे जनतेचाच.

सोलापूर जिल्ह्यात ११ तालुके आहेत आणि जिल्हा परिषदेच्या शाळा पावणेतीन हजारांच्या आसपास. त्यात भाषेचा पदर वेगळा. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या सीमेलगतच्या गावांत कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. सोलापूर शहरात महापालिकेने मराठीसोबत उर्दू, कन्नड आणि तेलुगू माध्यमाच्या शाळा चालवल्या, कारण यंत्रमाग आणि विडीच्या धंद्यामुळे तेलुगू भाषक कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिली. त्यामुळे काही पालकांसमोर ‘कुठली शाळा’ याआधी ‘कुठली भाषा’ हा प्रश्न उभा असतो.

कायदा नेमकं काय देतो?

तुलना करायची तर मोजपट्टी लागते, आणि ती शिक्षण हक्क कायद्यात आणि त्याच्या नियमांत आहे. सहावी ते आठवीसाठी त्यातल्या मुख्य गोष्टी अशा:

- शाळा घरापासून ३ किलोमीटरच्या आत असावी. पहिली ते पाचवीसाठी हे अंतर १ किलोमीटर आहे.
- प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक, आणि त्यात विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक.
- ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक.
- १०० पेक्षा जास्त मुलं असतील तर पूर्णवेळ मुख्याध्यापक.
- वर्षाला किमान २२० दिवस शाळा आणि १,००० तास शिकवणं.
- ग्रंथालय, पिण्याचं पाणी, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, खेळाचं मैदान.

यातली दुसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. चौथीपर्यंत एक चांगला शिक्षक सगळे विषय शिकवू शकतो. सातवीत बीजगणित येतं, आठवीच्या विज्ञानात प्रयोग येतात, इंग्रजीचे परिच्छेद लांबतात. इथे विषयाचा शिक्षक असणं आणि नसणं यात मोठा फरक पडतो. पण हा फरक भिंतीवर रंगवलेला नसतो, म्हणून तो चटकन दिसत नाही.

मग लोक तुलना कशावर करतात?

जे दिसतं त्यावर. रंगरंगोटी, बोलक्या भिंती, मोठा टीव्ही, गणवेश, स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ. यात पालकांचाच दोष आहे असं नाही. सरकारी स्पर्धाही बऱ्याच अंशी याच गोष्टी मोजतात.

कोरोनानंतरच्या काळात सोलापूर जिल्हा परिषदेने ‘स्वच्छ शाळा, सुंदर शाळा’ हा उपक्रम राबवला. गावोगावी लोकवर्गणी उभी राहिली आणि अनेक शाळांचं रूप पालटलं. पुढे राज्य सरकारने ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ हे अभियान आणलं. त्यात राज्यात पहिल्या येणाऱ्या शाळेला ५१ लाख रुपयांचं बक्षीस ठेवलं गेलं. २०२४ मध्ये त्याचा दुसरा टप्पा झाला तेव्हा शाळांना १५० पैकी गुण होते. पायाभूत सुविधांना ३३, सरकारी धोरणांच्या अंमलबजावणीला ७४ आणि शैक्षणिक संपादणुकीला ४३.

म्हणजे मुलं प्रत्यक्षात काय शिकली, याला एकूण गुणांच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी जागा. अशा स्पर्धेत शाळा पहिली आली तर तिथे मेहनत झाली आहे, हे नक्की. पण तिथल्या सातवीच्या मुलाला अपूर्णांक येतात का, हे त्या क्रमांकावरून कळत नाही.

जिल्ह्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरणही याच कारणासाठी नीट वाचायला हवं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. १० लाख डॉलर्सच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड वापरण्याच्या त्यांच्या कामाची जगभर चर्चा झाली. पण ती शाळा प्राथमिक वर्गांची, आणि तिथे गाजलं ते इमारतीपेक्षा शिक्षकाचं काम. छोट्या वस्तीवरची शाळा म्हणजे वाईट शाळा, हे समीकरण परितेवाडीने खोटं पाडलं. तिथून बाहेर पडलेल्या मुलांना पुढच्या वर्गात तसाच शिक्षक मिळेल का, हा प्रश्न मात्र उरतोच.

शाळेची माहिती ऑनलाइन मिळते का?

मिळते. देशातल्या प्रत्येक शाळेला ११ अंकी यूडायस कोड असतो. सोलापूर जिल्ह्यातल्या शाळांचा कोड २७३० ने सुरू होतो. यूडायस प्लसच्या संकेतस्थळावर शाळेचं नाव किंवा कोड टाकला की पट, शिक्षकांची संख्या, वर्गखोल्या, स्वच्छतागृहं, वीज, संगणक अशी माहिती उघडते. ही माहिती शाळाच भरते.

दोन शाळांची तुलना सुरू करायला ही जागा चांगली. पण तिथे काय नाही, हेही माहीत हवं. शिक्षक पाच दिसतील, पण त्यातला गणिताचा कोण आणि त्यातले किती जण सध्या दुसऱ्या कामावर आहेत, हे पालकाला चटकन कळणार नाही. संगणक दिसतील, ते चालतात का ते दिसणार नाही. आणि मुलांना काय येतं, हे तर नाहीच.

मुलांना काय येतं याची पाहणी होत नाही असं नाही. केंद्राचं ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षण डिसेंबर २०२४ मध्ये तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांसाठी झालं. ‘प्रथम’ संस्थेचा ‘असर’ अहवाल ग्रामीण भागातल्या घरी जाऊन मुलांचं वाचन आणि गणित तपासतो. ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार देशातल्या ग्रामीण भागात आठवीतल्या सुमारे ४६ टक्के मुलांनाच साधा भागाकार करता आला. पण हे आकडे नमुन्यावरचे असतात. त्यातून देशाचं, राज्याचं किंवा जिल्ह्याचं चित्र कळतं. अमुक गावच्या शाळेला ते लागू करता येत नाहीत.

थोडक्यात, पालकाला सगळ्यात जास्त जे हवं असतं तेच कुठल्याही संकेतस्थळावर मिळत नाही.

शिष्यवृत्तीच्या फलकावर किती विश्वास ठेवायचा?

शिकण्याचा पुरावा म्हणून मग फलक पुढे येतात. शिष्यवृत्ती परीक्षा, नवोदय, एनएमएमएस. मोहोळ तालुक्यातल्या पोखरापूरच्या जवाहर नवोदय विद्यालयात सहावीला प्रवेश मिळणं ही जिल्ह्यात मानाची गोष्ट समजली जाते. एनएमएमएस ही आठवीची परीक्षा. ती उत्तीर्ण होऊन निवड झालेल्या, साडेतीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. आणि ती फक्त सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांमधल्या मुलांसाठीच आहे. फी भरून विनाअनुदानित इंग्रजी शाळेत मूल घालताना ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही.

पण फलक वाचताना एक हिशेब करावा लागतो. समजा, एका शाळेत आठवीला ४० मुलं आहेत. त्यातली निवडक १० परीक्षेला बसवली आणि ८ पास झाली. दुसऱ्या शाळेत १२ मुलं आहेत, सगळीच्या सगळी बसवली आणि ७ पास झाली. फलकावर पहिली शाळा पुढे दिसेल. प्रत्यक्षात पहिल्या शाळेत वर्गातली २० टक्के मुलं पास झाली आणि दुसऱ्या शाळेत ५८ टक्के. आपलं मूल वर्गातल्या पहिल्या दहात नसेल तर त्याच्यासाठी चांगली शाळा दुसरी आहे.

म्हणून ‘किती आले’ यापेक्षा ‘कितीपैकी किती आले’ हा प्रश्न विचारायचा.

पाच मुलं गेली तर नेमकं काय होतं?

आता मूळ मुद्द्याकडे. शाळेला किती शिक्षक द्यायचे हे ठरवण्याच्या प्रक्रियेला संचमान्यता म्हणतात. साधारणपणे ३० सप्टेंबरचा पट धरला जातो, आणि अलीकडच्या वर्षांत आधार जुळलेली मुलंच त्यात मोजली जातात. म्हणजे मूल रोज शाळेत येतंय पण त्याच्या आधारमध्ये नावाची किंवा जन्मतारखेची चूक आहे, तर हिशेबात ते नाहीच.

१५ मार्च २०२४ च्या सरकारी निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले. नव्या निकषांनुसार सहावी ते आठवीचा एकूण पट २० पेक्षा कमी असेल तर त्या वर्गांसाठी शिक्षकाचं एकही पद मंजूर होत नाही. कायदा तीन विषयांचे तीन शिक्षक म्हणतो आणि निकष शून्यावर आणतो, असा शिक्षक संघटनांचा आक्षेप आहे. ५ डिसेंबर २०२५ ला राज्यात शाळा बंद ठेवून जे आंदोलन झालं, त्यात हा निर्णय रद्द करा ही एक प्रमुख मागणी होती.

सरकारची बाजूही आहे. दहा-बारा मुलांसाठी तीन पगार, आणि त्याच वेळी मोठ्या पटाच्या शाळेत शिक्षक कमी, हे किती दिवस चालणार, असा तो प्रश्न. शिवाय वर्गात चारच मुलं असतील तर खेळ नाही, गटकाम नाही, चुरस नाही. हा युक्तिवाद पोकळ म्हणता येत नाही.

पण गावाच्या बाजूने हिशेब कसा दिसतो तो पाहा. समजा, एका गावात सहावीत ८, सातवीत ९ आणि आठवीत ७ मुलं आहेत. एकूण २४. जूनमध्ये पाच पालकांनी मुलं दुसरीकडे नेली. राहिली १९. त्या पाच पालकांनी आपापल्या मुलाचा विचार केला, त्यात चूक नाही. पण आता उरलेल्या १९ मुलांसाठी दोनच वाटा राहतात. खालच्या वर्गांच्या शिक्षकांनीच वरचे वर्गही ओढायचे, नाहीतर मुलांनी शेजारच्या गावात जायचं.

पुढच्या मे महिन्यात ग्रुपवर पुन्हा चर्चा होते, त्या शाळेत तर गणिताला शिक्षकच नाही! आता हे खरं असतं. आदल्या वर्षी ते खरं नव्हतं.

म्हणजे तुलनेने शाळेची अवस्था नुसती सांगितली नाही, ती घडवली.

शाळा दूर गेली तर फटका कुणाला?

ज्यांच्याकडे दुचाकी आहे, बसभाडं आहे, त्यांना फारसा नाही. शेतमजुराच्या, विडी कामगाराच्या घराला मोठा. आणि त्यातही मुलींना जास्त.

राज्य सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये समूह शाळांची कल्पना पुढे आणली तेव्हा हीच चर्चा झाली होती. त्या वेळी राज्यात २० किंवा त्याहून कमी पटाच्या १४,७८३ शाळा होत्या, त्यात १ लाख ८५ हजारांवर मुलं आणि २९ हजारांवर शिक्षक. अशा शाळांची मिळून एक सोयींची शाळा करायची, त्यासाठी पुणे जिल्ह्यातल्या पानशेतचं आणि नंदुरबारमधल्या तोरणमाळचं उदाहरण पुढे ठेवलं गेलं. विरोध झाला तो मुख्यतः अंतरावरून.

पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे, अहिल्याबाई होळकर योजनेतून. पण पास असून उपयोग तेव्हा, जेव्हा शाळेच्या वेळेला गाडी असते आणि ती वस्तीजवळ थांबते. सातवी झाली, पुढची शाळा चार किलोमीटरवर, मधे ओढा आणि उसाचे फड. अशा वेळी मुलीला घरी बसवायचा निर्णय कुणी ठरवून घेत नाही. आज नको, उद्या बघू, असं करत तो होऊन जातो.

म्हणून सातवीला संपणारी शाळा निवडताना पालकांनी आठवीचाही विचार आत्ताच करायला हवा. शिवाय डिसेंबर २०२३ मध्ये राज्याने पाचवी आणि आठवीसाठी वार्षिक परीक्षेचे नियम आणले. नापास झालेल्या मुलाला फेरपरीक्षा मिळते, त्यातही नापास झालं तर त्याच वर्गात बसावं लागतं. आठवी आता नुसती ढकलत नेता येत नाही.

मग पालकांनी बघायचं तरी काय?

दोन शाळांची तुलना करायला एक सकाळ पुरते. शाळेत जाऊन हे प्रश्न विचारता येतात:

- सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान कोण शिकवतं? त्यांचा स्वतःचा विषय तोच आहे का?
- सेमी इंग्रजीचा फलक आहे, तर गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवणारा शिक्षक खरोखर आहे का?
- ग्रंथालयातली पुस्तकं मुलं घरी नेतात का? देवघेवीची वही दाखवा म्हणता येतं.
- प्रयोगाचं साहित्य कपाटात आहे की मुलांच्या हातात?
- शिष्यवृत्ती आणि एनएमएमएसला वर्गातली किती मुलं बसली, आणि किती पास झाली?
- आठवी किंवा नववी कुठे? तिथवर मूल, विशेषतः मुलगी, रोज कसं जाणार?
- आपल्या मुलाचं आधार शाळेच्या नोंदीशी जुळलंय का?

आणि एक तपासणी घरच्या घरी. सहावीतल्या मुलाला दुसरीच्या पुस्तकातला धडा वाचायला द्यायचा आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला सांगायचं. ‘असर’ची पाहणी साधारण याच धर्तीवर चालते. हे जमत नसेल तर शाळा बदलण्याआधी त्या मुलाला मागचा पाया भरून देणारा शिक्षक कुठे आहे, हे शोधायला हवं. नवीन शाळेचा नवा टीव्ही ते काम करत नाही.

शाळा कमी पडली तर सोडणं हाच मार्ग आहे का?

नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती असते. जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळांत तिचे ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात आणि समितीत निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा बनवायचं काम याच समितीचं. विषय शिक्षकाची जागा रिकामी असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे ठराव करून मागणी लावून धरणं, आधारच्या चुका ३० सप्टेंबरआधी दुरुस्त करून घेणं, ही कामं समितीला करता येतात.

अनेक गावांत ही समिती सह्यांपुरती उरली आहे. पण जिथे पालक बैठकीला येतात, तिथे रिकाम्या जागेचा प्रश्न निदान कागदावर येतो आणि त्याचा पाठपुरावा करणारं कुणी असतं. सोलापूर जिल्ह्यात शाळा रंगवायला लोकवर्गणी जमली, म्हणजे गाव शाळेसाठी उभं राहू शकतं हे सिद्ध झालं आहे. तीच ताकद गणिताच्या शिक्षकासाठी लावता येते.

एवढं करूनही शाळा सुधारत नसेल तर मूल दुसरीकडे नेण्याचा पालकाला पूर्ण हक्क आहे. कुणाच्या मुलाने गावच्या पटासाठी स्वतःचं वर्ष वाया घालवावं, असं कुणी म्हणणार नाही. मात्र निर्णय जूनमध्ये भिंतीचा रंग बघून होतो की आदल्या वर्षभरात शाळेत जाऊन प्रश्न विचारून, यात फरक आहे. कारण जून गेला की सप्टेंबर येतो, पट मोजला जातो, आणि त्या आकड्यावरून ठरतं की गावात राहिलेल्या १९ मुलांना पुढच्या वर्षी गणित कोण शिकवणार.